हुकूम पाहिलेली उघाडी

मी एक जुनी उघाडी आहे. जासईच्या बाजूला, खाडीच्या बांधात बसवलेलं सागवानी दार. मित्रांनो, घराची दारं तुम्ही खूप पाहिली असतील. मी शेताचं दार. भरतीला बंद राहून खारं पाणी अडवायचं आणि ओहोटीला उघडून शेतात तुंबलेलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, हे माझं काम. काशिराम सुताराने मला घडवलं. बसवलं त्या दिवशी बायकांनी हळदकुंकू वाहिलं. मला कोण अभिमान वाटला!

स्वातंत्र्यानंतर सरकारने कायदा केला. बांध फोडला किंवा शेतात खारं पाणी घेतलं, तर दंड आणि कैद. दवंडी सगळ्यांनी ऐकली. पण आमच्याकडे नव्या जावयाच्या ताटात जिताडा मासा पडला नाही, तर सासऱ्याची शोभा होते. गौरीच्या सणाला बांधालगतच्या दाजी शेतकऱ्याचा नवा जावई यायचा होता. दाजीने जिताडा आत यावा म्हणून ऐन भरतीत माझा अडसर काढला. जिताडा आला, पण खारं पाणीही आलं आणि शेजारच्या कृष्णाबाईचं उभं भात जळून गेलं.

ती विधवा बाई तडक पनवेलच्या कोर्टात गेली. दाजीला कैद झाली. शिवाय मनाईहुकूम निघाला, की दाजीने उघाडीला पुन्हा हात लावायचा नाही. कोर्टाच्या बेलिफाने बांधावर उभं राहून तो वाचला. खाडीला अडवायला माझ्या जाड फळ्या लागत, दाजीला अडवायला एक कागद पुरला. मी थक्कच झाले.

पुढच्या श्रावणात पाऊस थांबेचना. गाव पलीकडे बांधाला पडलेली खांड बुजवायला धावला होता. इथे कृष्णाबाईचं भात बुडत होतं आणि ओहोटी संपत आली होती. बांधावर कैद भोगून आलेला दाजी तेवढा एकटा होता.

"दाजी, उघड ना रं!" ती ओरडत आली.

"हात लावला तं परत तुरुंग हाय, बाय."

"हुकूम मीच आनला ना? मीच सांगतंय, उघड!"

"तू आनलास, पन हुकूम कोर्टाचा हाय. तू लाव हात. मी सांगतो कसा."

दाजीने हात पाठीमागे घट्ट धरले. छातीभर पाण्यात माझ्याशेजारी उभा राहून तो एकेक गोष्ट सांगत गेला. तिने खांदा लावला, दोनदा पडली, पण दाजीचे हात सुटले नाहीत. अखेर अडसर निघाला आणि पाणी धो धो खाडीकडे निघालं. मित्रांनो, तो माणूस मला जेवढा मोठा दिसला, तेवढी मोठी भरतीही मी कधी पाहिली नव्हती.

भात वाचलं. कृष्णाबाई पुन्हा पनवेलच्या कोर्टात गेली. तिथलं बोलणं मी नंतर बांधावर ऐकलं.

"साहेब, तो हुकूम काढून घ्या," ती म्हणाली.

न्यायाधीशसाहेबांनी कारण विचारलं.

"माजा शेत बुडत व्हता, तरी त्यानं हात लावला नाय. आता त्याला हात लावू द्या."

मित्रांनो, माझ्यासारखी दारं साऱ्या गावाची असतात, ती जपा. आणि कायदा पाळताना शेजाऱ्याला बुडू देऊ नका.

हुकूम उठला त्या दिवशी ओहोटीला दोघं आली. एका बाजूने दाजीने खांदा लावला, दुसऱ्या बाजूने कृष्णाबाईने.