सग्वारोची पाटी

पाटीवर चारच ओळी मावणार होत्या आणि आसावरीचं घोडं पहिल्याच ओळीवर अडलं होतं. नाव काय लिहायचं? आखातातल्या अल गराफाच्या नव्या बागेसाठी तिच्या कंपनीनं हा निवडुंग थेट अमेरिकेच्या वाळवंटातून आणवला होता, दुमजली घराएवढा. वर्ल्ड कपआधी पाहुणे बाग बघायला येणार, म्हणून सगळी घाई.

शास्त्रीय नावात एक अमेरिकन धनाढ्य घुसून बसलेला. 'सग्वारो' हे रोजचं नाव स्पॅनिश लोकांनी तिथल्या मूळ रहिवाशांकडून उचललेलं, पण त्याचा मूळ अर्थ कुणालाच धड सांगता येत नाही. तिथली एक जमात तर त्याला झाड म्हणतच नाही, माणूस मानते. हे वाचल्यापासून त्याच्याखालून जाताना आसावरीला कसंसंच व्हायचं.

खरी भीती मात्र वेगळी होती. खजुरांच्या ठिबकवरच कुणीतरी त्यालाही जोडून टाकलं होतं. पाणी पिऊन तो टम्म फुगला, मुळांनी मात्र अजून जमीन धरली नव्हती. लक्षात येताच तिनं पाणी तोडलं आणि वर्षभर टेकू हलवायचे नाहीत, असं मॅनेजर पॅट्रिकला बजावलं. वसईचा हा माणूस एरवी समजूतदार. पण फोटोत लाकडं दिसतात म्हणून त्यानं आज सकाळीच टेकू काढायला लावले. काही होत नाही म्हणाला.

दुपारी वारा सुटला. बुंध्याजवळच्या मातीत बोट जाईल एवढी भेग पडली. पाटी अजून कोरीच होती, पण आजच ती तिथल्या खांबावर बसवायची होती. फिटर शफीक ड्रिल घेऊन निघाला. ड्रिल त्याच्याकडून काढून घेऊन आसावरी स्वतःच बुंध्याशी जाऊन उभी राहिली.

"सर, पाटी जरा धरता?"

पॅट्रिकनं वर पाहिलं. तो जागचा हलला नाही. "यल्ला, चल आसावरी, उरकून टाक," एवढंच म्हणाला.

शफीकनं मात्र मुकाट्यानं पुढे होऊन पाटी धरली. आसावरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात बुंध्यातून करकर आवाज आला. तिनं शफीकचं मनगट धरून त्याला बाजूला ओढलं. पाटी तिथेच पडली.

"आधी टेकू लावा, सर. नाहीतर हा ज्याच्यावर पडेल, त्याचंच नाव मला पाटीवर लिहावं लागेल."

पॅट्रिकनं क्रेनवाल्याला फोन लावला. क्रेन संध्याकाळी येणार होती. वारा आताच वाढला होता.