घड्याळवाल्यांच्या खिशातला दुसरा चेंडू

मित्रांनो, मी टेनिसचा जुना चेंडू. माझ्या अंगावरची लव झडली आहे आणि मूळचा पिवळा रंग आता मातकट झाला आहे. स्वभावानं मी जरा संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. जन्मतः मी तसा नव्हतो, हा संगतीचा परिणाम.

कारखान्यात रबराच्या दोन वाट्या चिकटवून मला घडवलं, वर मऊ कापड चढवलं आणि दोन भावंडांबरोबर हवाबंद डब्यात कोंडलं. डबा फुस्स करून उघडला, तेव्हा भिंग लावलेला एक डोळा आत डोकावला. तो घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांचा होता. त्यांनी आम्हा तिघांना दाबून, हलवून पाहिलं.

"दुकानदारानं जुना माल तर नाही ना गळ्यात मारला?" ते बायकोला म्हणाले.

"अहो, डबा तुम्हीच आत्ता उघडलात ना?" ती म्हणाली.

दर रविवारी ते आपल्या मेहुण्याशी खेळत. हा मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, दातांचा डॉक्टर. मी घड्याळवाल्यांच्या डाव्या खिशात असे. टेनिसमध्ये सर्व्हिसला दोन संधी मिळतात. पहिली चुकली की माझी पाळी. पहिली ते झोकात मारत. दुसरीच्या वेळी मात्र मला काढणारी बोटं घामेजलेली असत. चिमट्यानं बारीक स्क्रू ठेवावा तसं ते मला हलकेच ढकलत. मग मी जाळीत तरी अडके, नाहीतर पलीकडे अलगद तरंगत जाई. तिथे डॉक्टर दोन पावलं पुढे येऊन वाटच पाहत असे. पुढचं सांगायला नको, माझी पाठ अजून दुखते.

अशाच एका रविवारी शेवटचा गुण चालू होता. घड्याळवाल्यांनी मला मागच्या रेषेपाशी मारलं आणि डॉक्टर म्हणाला, "बाहेर!"

"आत होता," घड्याळवाले म्हणाले.

"भाऊजी, बोटभर बाहेर होता."

त्यांनी मला उचललं. माझ्या अंगावर चुन्याचा पांढरा डाग होता. "रेषेला लागल्याशिवाय चुना कुठून आला?" असं म्हणून त्यांनी मला पुरावा म्हणून दुकानात नेलं. 

मित्रांनो, खरं काय ते मला ठाऊक होतं. तो चुना दोन गुण आधीचा होता. तेव्हा मी रेषेवर पडलो होतो आणि त्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. त्या शेवटच्या वेळी मी बाहेरच पडलो होतो. पण मला तोंड कुठे आहे? महिनोन् महिने मी टेबलावर सुट्या काट्यांशेजारी पडून राहिलो. ते मला भिंगाखाली फिरवून फिरवून बघत आणि दातओठ खात. खेळ चालूच होता, पण दोघं गुणांपलीकडे एकमेकांशी शब्द बोलत नव्हते. डॉक्टर बहिणीच्या घरी यायचा बंद झाला. ती दुकानात डबा खायला बसली की आधी फोनकडे बघायची.

मग एका रविवारी घड्याळवाले खेळून थेट दुकानात आले ते पाय आपटतच. तिथे बायको घड्याळांना पट्टे लावत होती.

"तुझा भाऊ काय म्हणाला माहीत आहे? म्हणे, 'भाऊजी, दुसरी सर्व्हिस हळू मारू नका. हातोडी धरता तशी रॅकेट धरा. चेंडूला खालून वर घासत पूर्ण जोरानं हात फिरवा. फिरकी बसली की तो आपोआप खाली येईल.' चुकण्याची भीती असताना जोरात मारायचं? मला खड्ड्यात घालायचा डाव आहे हा!"

खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. तो माणूस खरं बोलतो हे निदान मला तरी माहीत होतं. पण जिंकणारा माणूस हरणाऱ्याला शिकवील कशाला?

बायकोनं मला टेबलावरून उचललं. "उद्या दुकान उघडायच्या आधी कोर्टावर चला. तिथे कुणी नसेल. त्याच्या डावात एकदा फसून तर बघा!"

सकाळी ती कठड्यावर बसली. पहिल्यांदा मी थेट मागच्या कुंपणावर आदळलो. "बघ!" घड्याळवाले म्हणाले. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा त्यांनी मला डोक्याच्या बरोबर वर फेकलं आणि रागारागानं वरच्या दिशेनं घासून मारलं. मी गरगरत जाळीच्या हातभर वरून गेलो. आता बाहेर जाणार असं वाटत असतानाच कुणीतरी खाली ओढल्यासारखा चौकटीत पडलो आणि उंच उडालो. इतकी वर्षं मला स्वतःच्या अंगातली ही कला ठाऊक नव्हती.

ते त्या जागेपाशी जाऊन वाकून बघून आले. मग म्हणाले, "वारा असेल."

महिनाभर रोज सकाळी तेच चाललं. माझी लव झडली आणि तिच्याबरोबर चुन्याचा डागही गेला. ते त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

पुढे एका रविवारी दुसऱ्या सर्व्हिसवर मी डॉक्टरच्या खांद्यावरून उडालो. तो हसत सुटला. तरीही घड्याळवाले हरले. जाळीपाशी येऊन त्यांनी विचारलं, "खरं सांग, मला का शिकवलंस?"

"भाऊजी, तुम्ही मला फुकटात गुण वाटत होतात. त्यात कसली मजा? शिवाय ताईच्या हातचं जेवून वर्ष झालं."

घड्याळवाल्यांनी मान खाली घातली. "त्या दिवशी तो चेंडू..." ते म्हणाले आणि थांबले. "तुला दिसला, मला नाही. चल घरी."

परवा डॉक्टर दुकानात आला होता. त्याचे उलट्या हाताचे फटके हल्ली जाळीत जातात. घड्याळवाले भिंग काढून म्हणाले, "चेंडू जवळ येईपर्यंत थांबतोस. अजून आधी मार, पुढे येऊन."

डॉक्टरनं त्यांच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "भाऊजी, खरंच सांगताय ना?"

बायको पट्टे लावता लावता इतकी हसली, की तिच्या हातातलं घड्याळ घरंगळलं.

मी आता तिच्या खुर्चीखाली असतो. दिवसभर उभं राहून तिच्या टाचा दुखतात, म्हणून ती मला तळव्याखाली फिरवते. मित्रांनो, जुन्या चेंडूंना गवतात भिजत टाकू नका, आम्ही अजून उपयोगाचे आहोत. आणि भांडणाचा पुरावा म्हणून तर आम्हाला मुळीच ठेवू नका. त्यापेक्षा जोरात मारा. लागतं थोडं, पण चालतं.