घरच्या माणसांना कसला फॉर्म

माझ्या नवऱ्याची, एकेहार्टची, काठी मी यंदा मुद्दाम बरोबर आणली होती. डोंगर चढायला नव्हे, माझे गुडघे आता घरचा जिना चढतानाच कुरकुरतात. आमच्याकडचे हौशी चालणारे ज्या गावी जातील तिथला पत्र्याचा छोटा बिल्ला आपल्या काठीवर ठोकतात. त्याची काठी खालपासून वरपर्यंत अशा बिल्ल्यांनी भरलेली होती. फक्त मुठीखाली दोन बोटं जागा त्याने कोरी ठेवली होती. तिथे बाड ओस्टरग्रुंडची, म्हणजे या गावची, सोनेरी पिन बसायची होती.

या गावात दहा वर्षं येणाऱ्या पाहुण्याला ब्राँझची पिन मिळते, पंधरा वर्षांनी चांदीची आणि पंचवीस वर्षांनी सोनेरी. महापौर स्वतः कोटावर लावतात, बँड वाजतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. दहा वर्षं झाली तेव्हा मी म्हटलं, चल, पिन घेऊ. तर हा म्हणाला, "ब्राँझची नवशिक्यांना असते इर्मी. आपण एकदम सोनेरी घेऊ." चाळीस वर्षं बोखुममध्ये ट्राम चालवली त्याने, एक दिवस उशीर नाही. निवृत्तीला कंपनीने घड्याळ दिलं, ते मागे पडायचं. त्या माणसाला आयुष्यात कुणी कधी स्टेजवर बोलावलं नव्हतं, आणि त्याला एकदा जायचं होतं.

मार्चमध्ये तो गेला. चोवीस वर्षांचे चोवीस सप्टेंबर आम्ही दोघांनी इथे काढले होते, पंचविसावा मला एकटीला पुरा करायचा होता. पिन घ्यायची, काठीवर बसवायची, आणि काठी घरी त्याच्या खुर्चीशेजारी उभी करायची. एवढंच माझ्या मनात होतं.

उतरले नेहमीच्याच हॉटेलात, म्हणजे रोझविथा क्रामेच्या. गेल्या वर्षापर्यंत कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की रोझविथा मला बहिणीसारखी आहे. दारात आली, गळ्यात पडली, एकेहार्टसाठी डोळे पुसले, आणि तीन नंबरची किल्ली हातात ठेवली.

"तीन?" मी म्हटलं. "आमची बारा नंबर कुठे गेली?"

"अगं, बारा कशी देऊ तुला? ती बाल्कनी, त्या दोन खुर्च्या. एकेहार्टची आठवण येऊन रात्रभर रडत बसशील."

मला वाटलं, किती विचार करते ही माझा. मी तिला पुन्हा मिठी मारली. तीन नंबरच्या खिडकीखाली रिकाम्या बाटल्यांचे पिंप होते आणि सकाळी सहाला त्या उचलायला गाडी यायची. बारा नंबरमध्ये लाइपझिगचं एक जोडपं होतं, त्यांनी इंटरनेटवरून जास्त भाडं देऊन ती घेतली होती. हे मला त्या बाईनेच न्याहारीला सांगितलं, चीज वाढून घेता घेता.

न्याहारीला माझं टेबल स्वयंपाकघराच्या दाराला लागून होतं. एकट्या बाईला हॉटेलात कुठे बसवतात ते मला यंदा कळलं. दार उघडलं की पाठीला लागायचं. पाव पूर्वी समोरच्या बेकरीतून यायचे, आता गोठवलेले आणून भट्टीत गरम करतात, आत गार लागतात. उकडलेली अंडी गरम राहावीत म्हणून त्यांच्यावर घालायला मी एका हिवाळ्यात तीस लोकरी टोप्या विणून दिल्या होत्या, लाल आणि हिरव्या. यंदा अंडी एका तापत्या भांड्यात होती आणि माझी एक हिरवी टोपी कॉफीच्या यंत्राची नळी पुसायला ठेवली होती. मी ती पाहिली आणि मान वळवली. आपल्या माणसाच्या घरी दोष काढायचे नसतात, असं मी स्वतःला समजावलं.

आपली माणसं. हे तिनेच आम्हाला शिकवलं होतं. हॉटेलात आलं की प्रत्येक पाहुण्याने नोंदणीचा फॉर्म भरायचा असतो: नाव, जन्मतारीख, कधी आलात, कधी जाणार. तो मग गावच्या पर्यटन कार्यालयात जातो, आणि हॉटेलवाल्याने पाहुण्याकडून घेतलेला रोजचा पाहुणे-करही त्यावरूनच गावाकडे जमा होतो. दुसऱ्या वर्षी आम्ही काउंटरपाशी रांगेत उभे राहिलो, तर रोझविथाने सगळ्यांसमोर हात हलवला. "अगं, तुम्ही दोघं कुठे निघालात रांगेत? घरच्या माणसांना कसला फॉर्म?" आणि किल्ली आमच्या हातात. आमच्या देशात ससा पाळायचा तरी कागद लागतो. दोरीला बांधलेल्या पेनाने बाकीचे लिहीत बसले आणि आम्ही सरळ जिना चढून वर गेलो. मी अशी काही फुगले होते म्हणून सांगू.

एकेहार्टला ते रुचलं नव्हतं. तो वर येऊन म्हणाला, "एक फॉर्म भरला असता तर काय बिघडलं असतं?"

"तुला माणुसकी कळत नाही," मी म्हणाले. "सारखं वेळापत्रक आणि शिक्का. ट्राम नाही ही." पुढच्या बावीस वर्षांत त्याने विषय काढला नाही.

पिनेचा सोहळा गुरुवारी होता. शनिवारी मी रोझविथाला आमचं नाव कार्यालयात कळवायची आठवण करून दिली, ती म्हणाली, "ते माझ्याकडे लागलं." रविवारी म्हणाली, "कार्यालय बंद असतं ना गं आज." सोमवारी म्हणाली, आज धोब्याकडून गाऊन यायचेत; म्हणायचं होतं चादरींचे गठ्ठे, तोंडातून मात्र गाऊन निघालं. मी हसले. ती हसली नाही. मंगळवारी सकाळी मी काठी घेतली आणि स्वतःच पर्यटन कार्यालयात गेले.

तिथे क्वेन्झेल नावाचे गृहस्थ बसतात. चष्मा दोरीने गळ्यात, शर्टाला इस्त्री कडक. एकेहार्टशी त्यांचं छान जमलं असतं.

"टिगेस," ते कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले. "इर्मगार्ड आणि एकेहार्ट. हो, सापडलं. दोन वेळा."

"पंचवीस वेळा," मी म्हणाले. "हे पंचविसावं."

"इथे दोन दिसतात, बाई. पहिली नोंद आणि मग नऊ वर्षांनी एक."

नऊ वर्षांनी. त्या वर्षी रोझविथाचा पाय मोडला होता आणि काउंटरवर तिची नणंद बसली होती. तिने आम्हाला रांगेत उभं करून फॉर्म भरायला लावला होता, आणि मी खोलीत जाऊन तिला खडूस म्हटलं होतं. त्या खडूस बाईने माझ्या नवऱ्याची एक नोंद तरी केली.

"यंदाचीही नोंद नाही," क्वेन्झेल म्हणाले. "तुम्ही शनिवारपासून आहात म्हणता ना?" मग जरा थांबून विचारलं, "पाहुणे-कर भरता तुम्ही?"

"दरवर्षी. ती सांगते त्या रकमेत तो धरलेलाच असतो."

"बिलं असतील?"

घरच्या माणसांना कसलं बिल. ती चिठ्ठीच्या पाठीवर आकडा लिहायची आणि चिठ्ठी परत घ्यायची. क्वेन्झेलनी चष्मा काढून पुसायला घेतला. त्यांना कळलं होतं, आणि मलाही कळत होतं: आमचा कर तिच्याच खिशात जात होता. पैशांचं सोडा. गेले ते गेले. पण आम्ही इथे आलोच नव्हतो असं गावाचं म्हणणं होतं. त्या डोंगरावर पावसात भिजून हसणारा माझा नवरा, बाल्कनीत मोजे वाळत घालणारा, तो इथे कधी आलाच नव्हता. आणि मी अडवलं होतं त्याला. त्याने फॉर्म मागितला होता.

"एक मार्ग आहे," क्वेन्झेल म्हणाले. "हॉटेलवाल्यांनी लेखी दिलं की हे पाहुणे इतकी वर्षं आमच्याकडे उतरले, तर महापौर मान्य करतात. फक्त सही लागेल. उद्या दुपारपर्यंत आणा." त्यांनी छापील कागद दिला आणि दार उघडून धरलं. "मालकीणबाई तुमच्या ओळखीच्या असतील ना?"

"बहिणीसारखी आहे," मी म्हणाले. तोंडात बसलेली सवय.

रोझविथा काउंटरमागे नॅपकिनच्या घड्या घालत होती. मी कागद समोर ठेवला. तिने वाचला आणि घड्या घालणं थांबवलं नाही.

"तू कशाला गेलीस तिकडे? मी म्हटलं होतं ना, माझ्याकडे लागलं."

"सही कर, रोझविथा. बाकी मला काही विचारायचं नाही."

"अगं, सहीचा अर्थ कळतो का तुला? उद्या ते सगळ्या वर्षांचे कागद उघडतील. तुमच्यासारखी आणखी चार घरं आहेत माझ्याकडे." ती आवाज खाली आणून बोलत होती. "छप्पर गळत होतं, थोरला तेव्हा शिकत होता. गावाला काय कमी आहे? सगळेच करतात थोडंफार."

आणखी चार घरं. मला वाटत होतं, आम्हीच.

"मी कुणाला काही सांगत नाहीये," मी म्हणाले. "एकेहार्ट इथे चोवीस वेळा आला, एवढंच लिही."

"पिन म्हणजे काय, पत्रा असतो गं. त्याला सोन्याचं पाणी दिलेलं. माझ्या सासूच्या डब्यात असेल एखादी जुनी, मी देते तुला शोधून. काठीवरच लावायची ना?"

माझं डोकं सणकलं. "डब्यातली नको. त्याची हवी."

तेवढ्यात लाइपझिगचं जोडपं फिरून आलं. बूट झाडत दोघं किल्लीसाठी काउंटरशी उभी राहिली. त्या बाईने माझी काठी पाहिली आणि म्हणाली, "किती बिल्ले आहेत हो. तुम्ही इथे फार वर्षं येता वाटतं?"

मी रोझविथाकडे पाहिलं. तिने ते उत्तर द्यावं, एवढीच माझी इच्छा होती. कागदावर नको, तोंडाने तरी.

रोझविथाने बारा नंबरची किल्ली त्यांच्यासमोर ठेवली. मग माझा कागद दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला.

"माफ करा टिगेसबाई," ती म्हणाली. "वर्षाला इतकी माणसं येतात. कोण कधी आलं, किती वेळा आलं, मी कसं लिहून देऊ? मला खरंच आठवत नाही."

टिगेसबाई. चोवीस वर्षं मी इर्मी होते. एकेहार्टच्या अंत्यविधीला हिने फुलं पाठवली होती, रिबिनीवर "आपला माणूस" असं छापून. केसाने गळा कापणं कशाला म्हणतात ते मला त्या काउंटरपाशी कळलं. भांडायला शब्द ओठांवर आले होते, मी भांडकुदळ आहे, बोखुममध्ये आमच्या जिन्यावरची सगळी बिऱ्हाडं मला भितात. पण त्या क्षणी मला तिच्याशी भांडणंसुद्धा फार जवळचं वाटलं. भांडतात ते आपल्या माणसाशी.

"बरं," मी म्हणाले. "मग मला फॉर्म द्या."

"कसला फॉर्म?"

"नोंदणीचा. मी शनिवारपासून इथे उतरलेली पाहुणी आहे आणि मी अजून फॉर्म भरलेला नाही. तुम्हाला आठवत नसलं तर बघा, तीन नंबर."

लाइपझिगची माणसं उभीच होती. रोझविथाला खालच्या खणातून फॉर्म काढावा लागला. दोरीचं पेन तेच होतं. मी काठी काउंटरला टेकवली आणि एकेक रकाना सावकाश भरला. नाव. जन्मतारीख. पत्ता. कधी आलात. शेवटी एक प्रश्न होता: यापूर्वी आमच्या गावी आला होतात का? मी "होय" वर खूण केली. पुढे लिहिलं, चोवीस वेळा, दरवर्षी सप्टेंबरात, याच हॉटेलात. सोबत आलेल्या व्यक्तीच्या रकान्यात लिहिलं, एकेहार्ट टिगेस, चोवीस वेळा. रकाना लहान होता, म्हणून उरलेलं समासात लिहिलं: खोली नंबर बारा. फॉर्म भरायची त्याची इच्छा होती, मी भरू दिला नाही. खाली सही केली.

रोझविथाने उलट्या बाजूने ते सगळं वाचलं. मानेपर्यंत लाल झाली. मग तिचा हात पुढे आला, सवयीने, कागद घेऊन खणात टाकायला.

मी कागदाची घडी घातली आणि काठी उचलली.

"राहू द्या, क्रामेबाई," मी म्हणाले. "मी स्वतःच नेऊन देते."