शिवणीतली माया

ही गोष्ट एकोणीसशे एकाहत्तर सालची. त्या साली ठकीला अठरावं लागलं होतं आणि सुईत दोरा ओवण्यापलीकडे तिला शिवणातलं काही येत नव्हतं. घर मात्र शिवणारीचं. तिची आत्या कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतायची. बेतणाऱ्या पुरुषांना मास्तर म्हणत, म्हणून हिला सगळे मास्तरीण म्हणत. ठकीची आई गेल्यावर आत्यानंच तिला वाढवलं, पण मशीनला कधी हात लावू दिला नाही. माझी पाठ गेली तेवढी पुरे, तू आपली पुस्तकं वाच, असं तिचं म्हणणं.

त्या वर्षी आत्यानं अंथरूण धरलं. डॉक्टरांनी ठकीच्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, दोन महिने म्हणजे डोक्यावरून पाणी. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. उलटी अक्षरं सरळ वाचण्यात हयात गेलेली, पण बहिणीपुढे त्यांनी सरळ गोष्ट उलटी करून सांगितली. आतड्याला सूज आहे, उतरतेय, म्हणाले. आत्याच्या कानावर यातलं अवाक्षर जाता कामा नये, ती खचली तर संपलंच, असं ठकीला त्यांनी स्वयंपाकघरात नेऊन बजावलं. भिंतीवरचा आरसा दुरुस्तीला म्हणून नेला तो परत आणला नाही. आत्याच्या अंगात ढगळ झगे असल्यामुळे तिला बाकी काही कळायची सोय नव्हती. रोज कामावरून आले की दारातूनच म्हणत, आज गाल वर आलेत हं. आत्या म्हणे, चष्मा बदल तुझा.

आत्याला पन्नास पूर्ण व्हायची होती. जन्मभर लोकांचं शिवणाऱ्या या बाईला कुणी हातानं शिवलेलं काही दिलं नव्हतं. ठकीनं ठरवलं, जाकीट शिवायचं. विचारायची चोरी, कारण विचारलं की गंमत गेली. तिनं ट्रंकेतलं आत्याचं जुनं जाकीट काढलं, जांभळ्या लोकरी कापडावर पसरलं, भोवतीनं खडू फिरवला आणि रेघेवरून बरोब्बर कापलं. मशीनचा आवाज बाहेरच्या खोलीत आत्याला गेला असता, म्हणून सगळं हातानं. तीन आठवडे बोटांची चाळण झाली. एक बाही उलटी लागली, ती उसवून परत लावली. काजं तर उंदरानं कुरतडल्यासारखी.

वाढदिवसाच्या सकाळी आत्यानं झग्यावरच जाकीट चढवलं. अंगाबरोबर बसलं, कुठे चुणी नाही. वडिलांचा चेहरा उजळला. जुन्या मापाचं जाकीट जसंच्या तसं बसलं, म्हणजे तू होतीस तशीच आहेस, असं ते दोनदा म्हणाले. ठकीलाही क्षणभर खरंच वाटलं की डॉक्टर चुकले.

वडील कामावर गेले. आत्यानं जाकीट काढून मांडीवर उलटं केलं आणि शिवणीवरून अंगठा फिरवला.

"जुन्यावरून बेतलंस?"

"हो."

"आणि रेघेवरच कापलंस. माया नाही सोडलीस."

ठकीला काही उमगेना. मग आत्यानं कारखान्यातल्या आवाजात समजावलं, की शिवण घालायला रेघेबाहेर जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. ती नाही सोडली की शिवण आतून कापड खाते. दोन बगला, पाठ, पुढच्या कडा, असं बोटांवर मोजत ती थांबली.

"चार इंच," ती म्हणाली. "हे जाकीट मला व्हायलाच नको होतं, ठके."

आत्यानं जाकीट बाजूला ठेवलं.

"डॉक्टर काय म्हणाले?"

ठकीनं खोटं बोलायला तोंड उघडलं आणि तिला हुंदका आला. आत्यानं तिला जवळ ओढलं.

"मला कळलंय हे तुझ्या बाबांना सांगू नकोस. रोज चष्म्याचा टोमणा खायची सवय झालीय त्याला."

मग तिनं खडू आणि चिंध्या आणायला लावल्या आणि पहिल्यांदा ठकीला बेतायला शिकवलं. दोन बोटं सोड, म्हणाली, अंग कमीजास्त होतं.

आत्या त्यानंतर सतराव्या दिवशी गेली. आदल्या संध्याकाळपर्यंत गाल वर येत होते आणि चष्मा बदलायचा राहत होता. जाकीट अंगात होतं, पण तेही आता सैल झालं होतं.

वडील पुढे एकोणीस वर्षं जगले. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, शेवटपर्यंत तिला कळू दिलं नाही आम्ही. हे सुरू झालं की ठकी चहा ठेवायला आत जाई. ते गेल्यावर त्यांच्या कपाटामागे आरसा सापडला, कागदात गुंडाळलेला. त्याला काही झालेलं नव्हतं.

ठकीनं लग्न केलं, कारखान्यात आत्याच्याच टेबलावर तीस वर्षं बेतलं आणि तीही मास्तरीण झाली. घरी शिवायला टाकणारी गिऱ्हाइकं कुरकुरत, बाई, तुमच्या शिवणी आतून जाड लागतात. ती म्हणे, लागू देत. जांभळं जाकीट अजून ट्रंकेत आहे. नातीला ते हवं होतं, थोडं उसवून मोठं कर म्हणाली. ठकीनं ते उलटं करून तिला शिवण दाखवली आणि परत घडी घातली.