बाटलीतलं आवर्तन

"चिमनीला ठेवत्यात येवढं पानी. चिमनी निदान उडून तरी जाती, दुसऱ्याच्या छपरावर पिती."

हे पेल्याशी बोलत होते. माझ्याशी बोलले असते तर मला उत्तर द्यावं लागलं असतं, म्हणून पेल्याशी. मी हातभर अंतरावर शेंगा फोडत बसले होते. ऐकून न ऐकल्यासारखं करायचं, ही विद्या मी लग्नाच्या पहिल्या वर्षात शिकले. तेव्हा सासूसाठी शिकले होते. आता नवऱ्यासाठी उपयोगी पडतेय.

पेला रिकामा झाला तरी त्यांनी तो तोंडाला लावून ठेवला. मग खाली ठेवला आणि माझ्याशेजारच्या बाटलीकडे बघितलं. एक लिटरची प्लास्टिकची बाटली, आमच्या गोरखने प्रवासात विकत घेतलेली. रोज सकाळी ती गळ्यापर्यंत भरायची आणि दिवसभर तेवढ्यातच भागवायचं. चहा केला तर तेवढं पाणी बाटलीतून कमी. गोळ्यांबरोबरचा घोटही त्यातलाच. आमटी घट्ट करायची, ताक बंद. संध्याकाळपर्यंत तळाशी दोन घोट राहिले पाहिजेत, नाहीतर माणूस कोरड्या तोंडाने झोपायला जातो.

"साहेब," ते मला म्हणाले, "टेलला पानी पोचंना. जरा सोडा की."

"पाळी संपली तुमची. चार वाजता या."

ते हसले. ओठ फुटलेले, त्यामुळे हसताना दुखलं असावं.

हे हसणं बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमचे हे सिंचन खात्यात पाटकरी होते. आमच्या श्रीगोंद्याकडे कालव्याला बारा महिने पाणी नसतं. धरणातून सुटतं, ठरलेले दिवस वाहतं, बंद होतं. त्याला आवर्तन म्हणतात. ते आलं की कालव्यातून फुटणाऱ्या कोणत्या चारीला किती आणि कुणाच्या उसाला कधी, हे साहेब ठरवतात आणि शिव्या पाटकरी खातो. सगळी नोकरी यांनी दुसऱ्यांचं पाणी मोजण्यात घालवली. आणि आता मी, जिला चारीचं गेट कुठल्या बाजूला फिरवायचं तेही माहीत नाही, ती यांची पाटकरी झालेय.

सुरुवात उन्हाळ्यात झाली. उलट्या, डोकं दुखणं, चालताना झोक जाणं. ऊन लागलं म्हणून आम्ही पाणी पाजलं. लिंबू-साखर, ओआरएस, पुन्हा पाणी. जेवढं पाजू तेवढे हे बहकत गेले. एका दुपारी मोरीतला नळ सोडून त्याच्यासमोर उभे राहिले आणि ओरडले, "चारी सोडली रे! दारं धरा!" सून मोनिका हसायला लागली आणि मग घाबरून तिने नळ बंद केला. नगरला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथं कळलं, रक्तातलं मीठ उतरलंय. अंगातून पाणी बाहेरच पडत नव्हतं, साठलेल्या पाण्यात मीठ पातळ झालं होतं, आणि आम्ही वरून ओततच होतो.

मीठ का उतरलं, ते पुढच्या तपासण्यांत कळलं. डॉक्टरांनी गोरखला आत बोलावलं. तो बाहेर आला तो सरळ चहाच्या टपरीवर गेला, मी मागे. त्याने दोन चहा सांगितले आणि एकही घेतला नाही. छातीत गाठ आहे म्हणाला. पुढचा शब्द त्याने कान लावून ऐकावा लागेल इतका हळू उच्चारला. पसरलाय, मोठा इलाज अण्णांना झेपणार नाही, असं डॉक्टरच म्हणतात म्हणाला.

"अण्णांना नको सांगायला, आई. धसका घेतील. मीठ कमी झालंय एवढंच सांगू. ते काय खोटं आहे का?"

खोटं नव्हतंच. तिथेच तर घोटाळा झाला.

तेव्हापासून आमच्या घरात एकच दुखणं आहे, मीठ. शेजारपाजारी, सोयरेधायरे, सगळ्यांना आम्ही मीठच सांगितलं. पण गावात खरं पसरायला काय लागतं? लोक येतात, यांच्याशी मिठाचं बोलतात आणि जाताना दारात माझा हात दाबतात. येताना शहाळी आणतात. ज्याला पाणी मोजून द्यायचं त्याच्यासाठी शहाळी! ओसरीच्या कोपऱ्यात ढीग झाला. शेवटी नातवंडं पितात आणि हे बघतात.

एकदा सहादेव आला. त्याचं शेत चारीच्या पार शेवटाला, टेलला. पाणी त्याच्यापर्यंत पोचायचं तेव्हा आवर्तन संपत आलेलं असायचं. यांच्याशी त्याने आयुष्यभर भांडण केलं आणि आयुष्यभर तंबाखूही यांचीच खाल्ली.

"काय पाटकरी, आता कळलं का टेलवाल्याचं दुखणं?" त्याने आल्या आल्या टोला दिला.

"कळलं बाबा. पर तू बोंबलायचास तरी. हितं बोंबललं तर ही म्हनती, चार वाजता या."

दोघं खळखळून हसले. हसता हसता हे म्हणाले, "येवढं मीठ वर आलं ना सहादू, की पुढच्या आवर्तनाला गेटवर बसून तांब्याभर पिनार हाय. गार पानी. तू बी ये. तुझ्याम्होरं पिऊन दावतो."

सहादेवाचं हसू तोंडावर तसंच राहिलं, डोळे मात्र खाली गेले. "व्हय व्हय," तो म्हणाला, "येतो की." आणि तंबाखू न मळताच उठला.

मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की हे नुसती तहान सोसत नाहीयेत, तिची साठवण करताहेत. पुढे एकदा पोटभर प्यायचंय म्हणून आज घोट मागे ठेवताहेत. आणि ते पुढचं, ते येणार नाही, हे त्यांना सोडून सगळ्या गावाला माहीत.

पुढच्या तपासणीला नगरला गेलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी एका पोरीकडे पाठवलं. डॉक्टर नाझनीन. नगरचीच, वागायला साधी, बोलायला गोड. ती अशाच लोकांचा अभ्यास करत होती, ज्यांच्या अंगात पाणी भरपूर आणि तरी ज्यांना तहान लागते. शरीराला एवढं पाणी पुरत असताना तहान कोण लावतं, आणि ती दाबून बसलेल्या माणसाच्या जीवावर किती ताण येतो, हे तिला रक्तातल्या हार्मोनवरून बघायचं होतं.

"काका, शून्य म्हणजे अजिबात तहान नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. आत्ता किती?"

"ही बसलीय म्हनून सात सांगतो."

पोरगी हसली. यांनी तिला विचारलं, "म्याडम, पानी अंगात हाय तर भाईर का पडंना?"

तिने कागदावर डोकं काढलं, खाली किडनी काढली, मधे रेघ. "शरीराला पाणी कमी पडलं की मेंदू एक हार्मोन रक्तात सोडतो. तो एक निरोप असतो, पाणी बाहेर सोडू नका. तो पोचला की किडनी पाणी धरून ठेवते. पाणी पुरेसं झालं की निरोप थांबतो."

हे त्या रेघेकडे बघत राहिले. अख्खा कालवा, वरचं धरण, खालची चारी, सगळं त्यांना तिथं दिसलं असणार. "म्हंजी गेट बंद ठेवायचा हुकूम," ते म्हणाले. "पर पानी तर तुंबलंय. मंग माझा मेंदू आसा येड्यावानी हुकूम कशाला देईल?"

तिने गोरखकडे बघितलं. "काकांना काय सांगितलंय?"

"मीठ कमी झालंय," गोरख म्हणाला आणि घड्याळ बघितलं. "अण्णा, चला, गाडी चुकंल."

गाडी आमचीच होती, भाड्याची, आणि ड्रायव्हर बाहेर झोपला होता.

नाझनीनने पेनाला टोपण लावलं. यांच्या दंडावर बांधलेली पट्टी तिने हलक्या हाताने सोडली. "आज रक्त नको घ्यायला, काका." मी मागे राहिले तेव्हा मला म्हणाली, "काकू, ज्याला आपला आजारच माहीत नाही त्याला मी अभ्यासात घेऊ शकत नाही. खोटं बोलून कुणाची तहान मोजायची नाही."

"पाणी दिलं तर काय होईल?" मी विचारलं.

"खूप दिलं तर पुन्हा बहकतील, फिट येऊ शकते. थोडं कमीजास्त करता येतं, मोठ्या डॉक्टरांना विचारून. पण किती सोसायचं आणि कशासाठी, हे त्यांनी ठरवायला पाहिजे ना?"

परतताना काष्टीच्या पुढे एका ठिकाणी उसाला पाणी चाललेलं दिसलं. हे मान वळवून मागे दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले.

दोन दिवसांनी आमच्या चारीला पाणी आलं. दुपारची उन्हं कलल्यावर हे काठी घेऊन निघाले. मी बाटली पिशवीत टाकली आणि मागे गेले. नेहमीचा रस्ता, पण तीनदा बसावं लागलं. गेटपाशी पोचल्यावर ते कठड्यावर टेकले. पाणी गढूळ, वेगात, काडीकचरा घेऊन चाललेलं. त्यांनी ते हातात घेतलं, तोंडावर मारलं, आणि ओठाला लागलेलं जिभेने टिपलं. मी बघितलं. त्यांना कळलं की मी बघितलं.

"एकदा ही चारी बंद पडली हुती," ते म्हणाले. "कालव्याला पानी फुल्ल, चारी कोरडी. सेक्शनच्या हाफिसात इचारलं, ते म्हनले आमी बंद सांगितलं न्हाई. वर इचारलं, ते म्हनले आमी बी न्हाई. हुकूमच कुनाचा न्हवता. मंग मी काठाकाठानं चालत गेलो. मधी एका मोरीत कुनीतरी फळी लावून मातीची पोती घातलेली. वरनं सगळं बराबर हुतं. मधीच कुनीतरी बसलं हुतं."

मी पाण्याकडे बघत होते.

"त्या पोरीला मी इचारलं तवा तिनं गोरखकडं बघितलं. गोरखनं घड्याळाकडं. सहादू जमिनीकडं बघतो. तू चारीकडं बघतीस." त्यांना धाप लागली. थोडं थांबले. "मला आता काठानं चालवत न्हाई, राही. तू सगळं चालून आलीयास. सांग. मधी कोन बसलंय?"

लग्नाला एवढी वर्षं झाली, नावाने हाक त्यांनी फार कमी वेळा मारलेली.

मी पिशवीतून बाटली काढली. दिवसाचं निम्मं पाणी शिल्लक होतं. पेला मी आणलाच नव्हता. टोपण काढून बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती धरली, पण प्याले नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"छातीत गाठ हाय," मी म्हणाले. "तीच मधी बसून पानी अडवायचा निरोप धाडती. कॅन्सर हाय तुमाला. पसरलाय. पुढच्या आवर्तनापर्यंत तुमी ऱ्हाल का न्हाई, ते कुनालाच सांगता येत न्हाई."