हिरव्या खुर्चीचा जळफळाट

या मित्रांनो, बसा. पण माझा डावा हात जपून धरा, तो जरा सैल झाला आहे. मी एक जुनी आरामखुर्ची. अंगावरची हिरवी मखमल कोपरांपाशी विरली आहे. वेल्समधल्या एका दरीत, उतारावरच्या घरांच्या रांगेत मी राहते. माझा जन्मही इथलाच. तेव्हा गावात फर्निचरचा कारखाना होता. माझ्या स्प्रिंगा बांधणारा कारागीर प्रत्येक खुर्चीवर स्वतः बसून पाही आणि मगच तिला दाराबाहेर सोडी. त्यामुळे असेल, पण बसणाऱ्याचे मन मला त्याच्या वजनावरून कळते. अवघडलेला माणूस बसला तरी निम्मा स्वतःच्या पायांवरच उभा असतो. निवांत माणूस मात्र पुरता माझ्या स्वाधीन होतो. त्याला मी खरे वजन म्हणते.

माझी मालकीण ग्लेनिस प्रॉसर. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करी. तिचा आवाज असा मऊ, की हट्टाला पेटलेली मुलेसुद्धा तिच्यासमोर मुकाट्याने वाटाणे खात. पन्नाशी उलटल्यावर ती एका वर्गात जाऊन संमोहनोपचार शिकू लागली. ही काही जादू नव्हे. शांत आवाजाने माणसाचे मन स्थिर करायचे आणि मग त्याची भीती किंवा वाईट सवय सोडवायला त्याला मदत करायची, एवढेच. पण ते नुसत्या पुस्तकाने येत नाही. माणसे बसवून सराव करावा लागतो. ग्लेनिसने शेजारपाजाऱ्यांना फुकट बोलावले आणि बसवले कुठे? माझ्यावर! काय मिरवले मी तेव्हा! रोज कुणीतरी येई, मला ब्रशने झाडले जाई, आणि काम संपले की मनुके घातलेले गरम केक आणि चहा.

फक्त एक गोष्ट मला कळत होती आणि ग्लेनिसला कळत नव्हती. माझ्यावर बसून सगळे खोटे वागत होते.

तिची नणंद मेनिर सिगारेट सोडायला आली. "तुझा हात हलका होतोय, आपोआप वर चाललाय," ग्लेनिस म्हणाली. मेनिरने कोपर माझ्या हातावर गच्च रोवले आणि स्वतःच हात उचलला. डोळे उघडून म्हणाली, "बाई गं, कसलं भारी! मी तर ढगात होते."

ढगात कसली? तिच्या मांड्या शेवटपर्यंत ताठ होत्या. पण इथल्या माणसांना तोंडावर 'नाही' म्हणणे जमत नाही. ग्लेनिस मात्र आनंदाने फुलून गेली.

मग तिच्या वर्गातल्या रॉड्रीचे नाव घरात येऊ लागले.

"हेडन, तो रॉड्री एका बैठकीचे नव्वद पौंड घेतो. नव्वद! माझ्यानंतर शिकायला आला तो."

"मग तूही घे की," तिचा नवरा हेडन वर्तमानपत्रामागून म्हणाला.

"त्याच्याकडे काळी चामड्याची खुर्ची आहे. बटण दाबलं की मागे झुकते."

मित्रांनो, मत्सर हा संसर्गजन्य आजार आहे. ग्लेनिसला रॉड्रीचा मत्सर वाटला, म्हणून तिने हप्त्यावर तशीच काळी खुर्ची आणली आणि तो आजार मला लागला. ती बया आली ती थेट माझ्या जागेवर. गुळगुळीत, चकचकीत, बटण दाबताच गुरगुरत आडवी होणारी. मला खिडकीपाशी सरकवले आणि वर धुतलेल्या कपड्यांचा ढीग टाकला. हेडनच्या मोज्यांखालून मी तिच्याकडे बघत राही. तिच्यावर कुणी बसले की माझ्या स्प्रिंगा आतल्या आत करकरत. "मोडो मेलीचे ते बटण," असेही माझ्या मनात येई.

आता फी ठरवायची होती. वर्गातल्या गुरुबाईंनी सांगितले होते, जो आकडा आवाज न चोरता सांगता येईल तोच लाव. ग्लेनिस आरशासमोर उभी राहून म्हणू लागली, "माझी फी नव्वद पौंड." शेवटी आवाज उंदरासारखा बारीक झाला. "वीस पौंड." तिचीच मान खाली गेली. "पंचेचाळीस पौंड." तीच मुलांना वाटाणे खायला लावणारी ग्लेनिस बोलली.

"कुणाशी बोलतेयस?" स्वयंपाकघरातून हेडन ओरडला.

"गिऱ्हाइकाशी!"

"आलंय?"

"येईल!"

आणि आला. बसचालक एम्लिन. देह मोठा, एक गाल सुजलेला. दात किडला होता, पण लहानपणापासून दंतवैद्याची अशी धास्ती, की दवाखान्याच्या दारातून तो परत फिरे. दुखणे आता हाताबाहेर चालले होते. फी ऐकून त्याने नुसती मान डोलावली. मग ती काळी खुर्ची बघितली आणि पांढराफटक पडला.

"बाई, ही तर दंतवैद्याचीच खुर्ची! मी नाही बसणार हिच्यावर."

ग्लेनिसने घाईघाईने माझ्यावरचे कपडे पलंगावर फेकले. मला इतका आनंद झाला, की सांगता सोय नाही. एक मोजा माझ्या पाठीवर राहिला होता, तोही मला हारासारखा वाटला!

ग्लेनिस मऊ आवाजात बोलू लागली. बऱ्याच वेळाने एम्लिनने एक डोळा उघडला. "रागावू नका हं, पण मला काहीच होत नाहीये. पैसे मोजलेत, म्हणून स्पष्ट सांगतो."

असे ग्लेनिसला आजवर कुणी सांगितलेच नव्हते. तिने हातातला कागद बाजूला ठेवला. "बरं केलंत सांगितलंत. बस चालवताना तुम्हाला सगळ्यात शांत कुठे वाटतं?"

"घाटात. पहाटे. रस्त्यात फक्त मेंढ्या."

"मग चला तिथे. घाई नाही. मेंढ्या जाऊ द्या."

मेंढ्या जात राहिल्या आणि हळूहळू एम्लिनच्या टाचा सैल पडल्या, मग गुडघे, मग खांदे. आणि ते सबंध, जडशीळ, खरे वजन माझ्यावर उतरले. कितीतरी वर्षांनी!

त्या संध्याकाळी ग्लेनिसने मेनिरला गाठले. "खरं सांग, तेव्हा तू सोंग करत होतीस ना?"

"अगं, फुकट करत होतीस, वर केक! नाही कसं म्हणणार?" मेनिर म्हणाली. तिच्या पर्समधून सिगारेटचे पाकीट डोकावत होते.

ग्लेनिसला आधी रडू आले, मग हसू. "पुढच्या वेळी पैसे घेईन तुझ्याकडून. म्हणजे खरं बोलशील."

एम्लिन आठवड्यामागून आठवडे येत राहिला. मला वाटले, आता हा माझाच. मग एके दिवशी ग्लेनिस म्हणाली, "आज त्या खुर्चीवर बसून बघायचं?" एम्लिन उठला आणि त्या काळ्या बयेवर जाऊन बसला. बटण दाबले. ती गुरगुरत मागे झुकली. माझा जीव जळून खाक झाला. पण त्याची बोटे आवळलेली दिसली, तेव्हा मी नकळत त्या बयेला म्हणाले, "बाई, धर त्याला. पडू देऊ नकोस." आणि त्याची बोटे एकेक करून उघडली. त्याच आठवड्यात त्याने दात काढून घेतला.

मित्रांनो, जळफळाट अजून होतो. त्या खुर्चीवर कुणी बसले की आजही एखादी स्प्रिंग करकरते. पण घाबरलेला माणूस आला की ग्लेनिस आधी माझ्यावरचे कपडे उचलते. तेवढ्यासाठी मी टिकून राहायला हवी. तेव्हा हा माझा सैल हात कुणीतरी घट्ट करा. आणि तुमच्या घरी कुणी काही नवे शिकत असेल, तर केकच्या लोभाने 'छान' म्हणू नका. त्याच्यासमोर खऱ्या वजनाने बसा.