कापसाआडचं बाथरूम

गुरुवारी सकाळी अकरा वाजता नरहर काळबांडे आपल्याच नव्या बाथरूममध्ये अडकले. बाभुळगावाजवळच्या त्यांच्या घरात त्या वेळी घरचं दुसरं कोणी नव्हतं.

बाथरूम तसं जुनंच, घराला मागून चिकटलेलं. दार मात्र अंगणात. बाळंतपणासाठी माहेरी येणाऱ्या केतकीला रात्री अंगणातून जावं लागू नये म्हणून नरहर यांनी स्वतः थापी हातात घेतली. अंगणाकडचं दार विटांनी बुजवलं आणि मधल्या खोलीची भिंत फोडून नवं बसवलं. आत जागा कमी, म्हणून ते खोलीकडे उघडणारं. जावई अभिषेक फोनवर गोड आवाजात म्हणाला होता, "सोय बघून ठरवू. नाहीतर पुण्यालाच करू बाळंतपण." दोघं आजच यायचे होते. कमोड बसला होता, चार टाइल बसवायच्या उरल्या होत्या.

टाइल कापायच्या मशीनची धूळ घरभर होते. गिरणीत जाताना रत्नप्रभाबाई नवऱ्याला बजावून गेल्या, "दार लावून कापा." नरहर यांनी लावलं. तेवढ्यात ट्रॅक्टर आला. कापूस खरेदी केंद्रावर जागा संपल्याने वजनकाटा बंद होता. भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टरवाला डोंगरसिंग परतला होता. आभाळ भरून आलेलं. त्याने दोन मजूर लावून कापूस मधल्या खोलीत, दरवर्षी रचायचा त्याच भिंतीला, दाबून रचला आणि चहा प्यायला गेला.

रत्नप्रभाबाई परतल्या तेव्हा बाथरूमच्या झरोक्यातून हाका येत होत्या.

"अवो, दार उघडून नाही राह्यलं!"

"मंग ढकला ना."

"ढकलूनच राह्यलो!"

डोंगरसिंगला बोलावणं गेलं. "तुले दार दिसलं नाही का रे?"

"दिसलं ना काकू. मले वाटलं कपाट हाये."

"अन् आतमधी मशीन बोंबलून राह्यली होती, ते?"

"माहा ट्रॅक्टर चालूच होता."

बिजागऱ्या खोलीच्या बाजूला होत्या, म्हणून दार आतून काढता येईना. झरोक्यातून चहाचा पेला जात होता, माणूस नाही.

"अंगणाकडची भिंत फोडा," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "विटा ओल्याच हायेत."

"त्याच्यावर टाइल लावल्या म्या! पोरीले मोडकं दाखवू का?"

"मंग कापूस अंगणात काढते."

"पाणी आलं त्याच्यावर तं?"

"अन् पोरगी पुण्याले गेली तं? बसा मंग कापूस पाहत!"

 शेवटी कापूस स्वयंपाकघरात, ओसरीवर, पलंगाखाली असा जाऊ लागला. केतकीसाठी सारवून-झाडून ठेवलेल्या खोलीकडे डोंगरसिंग वळला की रत्नप्रभाबाई आडव्या उभ्या राहत. दुसरं काही करण्यासारखं नसल्याने नरहर यांनी उरलेल्या टाइल बसवून टाकल्या.

"एकदम सरळ बसल्या," ते आतून ओरडले. "कोणी पाह्यलं पायजे!"

साडेचारला दार वीतभर उघडलं. त्याच वेळी अंगणात गाडी थांबली. केतकी एक हात कमरेवर ठेवून ओसरी चढली आणि कापसात उभी राहिली.

"आई, बाबा कुठं आहेत?"

"बाथरूममधी."

"म्हणजे झालं तयार?"

"झालं ना. चांगलं झालं," रत्नप्रभाबाई जावयाकडे पाहत म्हणाल्या. "थोडासाक कापूस राह्यला."

फटीतून सिमेंट लागलेला हात बाहेर आला. "या जवाईबापू! सोय पाहून घ्या!"

अभिषेकने वाकून फटीतून पाहिलं. मग केतकीकडे पाहिलं. खांद्यावरची बॅग त्याने अजून खाली ठेवलेली नव्हती.